दोरी परत आणणारे चैतूभाऊ

चैतूभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बांबूचं धनुष्य पुरतं ओढून उभे होते आणि बाण काही सोडत नव्हते. ऊर्जानगरच्या वसाहतीचं कुंपण संपतं आणि झुडपी जंगल सुरू होतं, त्या मधल्या मैदानातली ही गोष्ट. दवाखान्यातली ड्यूटी संपवून मी स्कूटीवरून क्वार्टरकडे निघाले होते. बिबट्याच्या बातम्यांमुळे त्या रस्त्यावर मी एरवी कधी थांबत नसे. पण साठी ओलांडलेला एक बारीक माणूस दोरी जबड्यापर्यंत ओढून उभा, समोर मातीचा बांध, बांधाला टेकवलेलं पोत्याचं निशाण, हे पाहून माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. आता सुटेल, आता सुटेल म्हणून मी श्वास धरून राहिले. त्यांनी बाण सोडला नाही. दोरी जशी ओढली तशीच हळूहळू परत जागेवर आणली. खांदे सैल केले आणि पुन्हा ओढली. पुन्हा परत आणली. चार-पाच वेळा हेच झाल्यावर मला राहवेना.

“भाऊ, सोडा न एकदाचा,” मी रस्त्यावरूनच म्हटलं.

त्यांनी माझ्या पांढऱ्या गणवेशाकडे पाहिलं. “सोडाले काय लागते, सिस्टरबाई? बोटं उघडली का झालं. परत आणाले जोर लागते.”

मी जन्माची काळजीखोर बाई. गॅस बंद केला का हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत येणाऱ्यांपैकी. काळजी करायला मला कारण लागत नाही, आणि कारण मिळालंच तर मी त्याला सोडत नाही. असा माणूस चैतूभाऊंच्या ओळखीत यावा आणि त्यांच्यापुढे आपण बरेच निर्धास्त आहोत असं त्याला वाटावं, ही गंमतच म्हणायची. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण आली की मला आधी तो न सुटलेला बाण दिसतो, मग बाकीचे ते.

चैतूभाऊ मूळचे एटापल्ली तालुक्यातले, सूरजागडच्या डोंगरांपलीकडच्या एका माडिया गावचे. तरुणपणी वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. वसाहतीच्या कुंपणाबाहेर दोन खोल्यांचं घर होतं, त्यात ते आणि त्यांची मोठी बहीण सोमारीबाई. सोमारीबाई उजव्या पायानं अधू होत्या. चालताना पाऊल उंच उचलायच्या आणि पंजा फटकन जमिनीवर पडायचा, त्यामुळे त्या येत असल्या की आधी तो आवाज यायचा. लहानपणी पोलिओ झाला असावा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी मैदानावर वसाहतीतली आणि आजूबाजूच्या खेड्यांतली सात-आठ पोरं जमायची. माझी प्रज्ञा तेव्हा नववीत होती. मी चैतूभाऊंबद्दल घरी बोलले आणि दुसऱ्याच दिवशी ती मैदानावर जाऊन उभी राहिली. मी नको म्हणण्याची सगळी कारणं तयार करेपर्यंत तिची पहिली संध्याकाळ संपलीही होती.

पहिला महिनाभर त्यांनी तिला बाण लावूच दिला नाही. पाय कसे रोवायचे, धनुष्य मुठीत आवळायचं नाही, अंगठ्याच्या मुळाशी नुसतं टेकवायचं, दोरी दंडानं नाही तर पाठीनं ओढायची. “कोपर मांगच्या माणसाले दाखव,” असं ते म्हणायचे, आणि मागे उभे राहून त्या कोपराकडे असं बघायचे, जसे आम्ही सलाईनच्या थेंबांकडे बघतो. बाण लावला नसेल तर ओढलेली दोरी कधीच सोडायची नाही, धनुष्य फुटतं, हा नियम. मग बाण नसताना ओढलेल्या दोरीचं करायचं काय? परत आणायची. म्हणजे पोरं आधी महिनाभर नुसतं परत आणायलाच शिकायची.

धनुष्याचा जोर ठरवायची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. दोरीला अडकवून तिचा जोर पौंडात मोजायचा काटा त्यांच्याकडे होता आणि ते तो वापरायचेही, त्याची टवाळी कधी केली नाही. पण काट्यानंतर त्यांची स्वतःची परीक्षा असे. पोरानं धनुष्य पुरतं ओढलं की ते मागून एखादा साधा प्रश्न विचारायचे. “घरी भाजी कायची केली?” किंवा “तुह्या मामाचं गाव कुठी हाये?” ओढलेल्या दोरीसकट पोरानं सरळ, पूर्ण उत्तर द्यायचं आणि मग दोरी हळू परत आणायची. उत्तर देताना आवाज अडकला, शब्द तुटला, की ते धनुष्य त्या पोराचं नाही. “काटा धनुषाचा जोर सांगते,” ते म्हणायचे, “पोट्टीचा तिचा तिले सांगा लागते.” आवाज तुटला तर ते दुसरं, हलकं धनुष्य द्यायचे, नाहीतर बाटलीच्या काचेच्या तुकड्यानं त्याच धनुष्याची पाठ खरवडून पातळ करत बसायचे.

बसायचे म्हणजे म्हणायची पद्धत. ते काम ते उभ्यानंच करायचे. मैदानावर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सोमारीबाई किटलीतून चहा आणायच्या, दगडावर बसायच्या आणि रोज म्हणायच्या, “चैतू, बस न बापा थोडा.” ते म्हणायचे, “बसतो न, बाई,” आणि उभ्यानंच कप रिकामा करायचे. नजर धनुष्यांवर. कुणी बांधाजवळ बाण आणायला गेलं की बाकीच्या सगळ्यांना धनुष्य जमिनीवर ठेवायला लावायचे आणि गेलेलं पोर परत येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवायचं नाही. इतकी कसली धास्ती या माणसाला, असं माझ्यासारखीला वाटावं म्हणजे बघा.

त्या धास्तीची किंमत पोरं मोजायची. स्पर्धेत तीन बाणांना ठरावीक वेळ असतो. चैतूभाऊंची पोरं जरा मनासारखं जमलं नाही की दोरी परत आणायची, पुन्हा ओढायची, पुन्हा परत. घड्याळ पळायचं आणि शेवटचा बाण हातातच राहायचा. इतर ठिकाणचे मुलगे त्यांना हसायचे. एक-दोन पालकांनी आपली पोरं बल्लारपूरच्या एका प्रशिक्षकाकडे नेली, आणि ती पदकं घेऊनही आली. चैतूभाऊंनी त्यांचं मनापासून कौतुक केलं. त्यांना राग येत नसे, आला तरी मला कधी दिसला नाही.

राग मला येत असे. कारण प्रज्ञाला क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी द्यायची होती. निवड झाली तर राहणं, शिकणं, प्रशिक्षण सगळं तिथंच. तिनं दुसऱ्या कशाचा विचार करणं सोडलं होतं. चाचणीत लांबच्या अंतरावरचं निशाण होतं आणि तिच्या हलक्या धनुष्यानं तिथवर बाण पोचवायचा तर तिला निशाणाच्या बऱ्याच वर, जवळजवळ आभाळात नेम धरावा लागे. जरा वारा आला की बाण भलतीकडे जाई. तिला जोराचं धनुष्य हवं होतं. ते होतंही. चैतूभाऊंनी गावाकडून जुना, धुरावर वाळलेला बांबू आणून तिच्या उंचीचं धनुष्य घडवलं होतं. ते त्यांच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेलं असे. “तुह्यंच हाये ते,” ते तिला सांगायचे. “पण आत्ताच नाई.”

रोज सराव संपला की ते धनुष्य खिळ्यावरून निघायचं. प्रज्ञा ओढायची. तिचं कोपर मागे यायचं, दोरी जबड्याला लागायची. चैतूभाऊ विचारायचे, “आज शाळेत काय शिकवलं?” ती म्हणायची, “आज वि…ज्ञानात…” आणि शब्द तुटायचा. दोरी परत आणताना तिचा हात थरथरायचा. धनुष्य खिळ्यावर जायचं. घरी येऊन ती जेवायची नाही. तिच्या खांद्याला मी शेक द्यायचे आणि मनात चाचणीचे उरलेले दिवस मोजायचे.

शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर उभे राहून बाणांची पिसं बघत होते, सोमारीबाई आत चुलीपाशी.

“भाऊ, चाचणी जवळ आली,” मी म्हटलं. “ती ओढते न पूर्ण. बाण बी नेमका लागन तिचा. मग काऊन देत नाई तुम्ही?”

“ओढते,” ते म्हणाले. “परत नाई आणत.”

“स्पर्धेत परत आणाचं कायले? तिथी सोडाचंच असते.”

ते पुन्हा पिसं बघू लागले. मला त्याचा जास्त संताप आला. “तुमच्या भ्यावापायी पोरीचं नुकसान होऊन राह्यलं,” मी म्हणून गेले. चैतूभाऊंनी हातातला बाण खाली ठेवला आणि ते घराच्या मागच्या बाजूला निघून गेले.

मग तो आवाज आला, पंजा जमिनीवर पडण्याचा. सोमारीबाई दारात येऊन माझ्याजवळ टेकल्या. त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला, कातडी आत ओढलेला एक जुना व्रण होता. त्या ठिकाणी शीर हाडाला लागून वरच असते, ती तुटली की पंजा उचलता येत नाही, हे मला शिकवलेलं होतं. पोलिओ नव्हता तो. मी इतकी वर्षं नर्स असून त्यांच्या पायाकडे नीट पाहिलं नव्हतं.

“तीर,” त्या म्हणाल्या. “चैतूचा.”

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील वारले तेव्हा चैतू मिसरूड फुटायच्या वयाचा होता. त्यांच्या घरात रीत होती की बापाचं धनुष्य थोरल्या मुलाकडे जायचं, आणि पहिल्या वर्षी काच लावून ते पातळ करायचं नाही. बापानं जसं ओढलं तसंच मुलानं ओढायचं, म्हणजे बापाचा मान राहतो. वडील थोराड अंगाचे होते. चैतूला ते धनुष्य ओढवत नव्हतं, पण गावापुढे तसं म्हणवतही नव्हतं. उन्हाळ्यात पंडुमाच्या सणाच्या दिवसांत गावचे पुरुष शिकारीला निघाले, त्यांच्यासोबत तोही उपाशीपोटी निघाला.

“आईनं म्हटलं, पोट्टा काई खाऊन नाई गेला,” सोमारीबाई सांगत होत्या. “म्हणून मी आंबील घेऊन निघाली. नाल्याच्या वाटेनं, जवळ पडते म्हणून. झुडपातून निघाली तं समोर चैतू. धनुष ओढून.”

“त्याले दिसलं नाई का, तुम्ही हाव म्हणून?” मी विचारलं.

“दिसलं न. माह्याकडेच पाहे तो. ओळखलं बी. डोये इतके मोठे झाले त्याचे.” त्यांनी लुगडं खाली केलं. “पण हात परत येत नोता. बापाचं धनुष होतं. दोन्ही हात असे कापत होते, अन् मी उभी. मंग बोटंच सुटली.”

आतून भात लागल्याचा वास आला तशा त्या उठल्या. जाता जाता म्हणाल्या, “त्यानं मले खांद्यावर घेऊन आणलं. पुऱ्या वाटेनं एकच म्हणे, बाई, मी पाह्यलं होतं तुले, मी पाह्यलं होतं.”

त्या दिवसापासून मी चैतूभाऊंशी धनुष्यावरून एक शब्द बोलले नाही. पण काळजी गेली असं मात्र नाही. उलट आता ती दोन्हीकडून खाऊ लागली. चाचणी हातची जाईल ही एक, आणि ती जड दोरी पोरीच्या बोटांतून भलत्या वेळी निसटेल ही दुसरी. प्रज्ञाला मी काही सांगितलं नव्हतं. ती मैदानावर धनुष्य ओढायची आणि मी रस्त्यानं कुणी येतं का, गाय आडवी येते का, हे पाहत राहायचे. चैतूभाऊ आणि मी, दोघंही उभे.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी खिळ्यावरचं धनुष्य काढलं. प्रज्ञानं ते ओढलं. सूर्य राखेच्या ढगात बुडत होता आणि वसाहतीत कंपनीची बस येऊन उभी राहिली होती.

“घरी भाजी कायची केली?” चैतूभाऊंनी विचारलं.

“दोडक्याची,” ती म्हणाली. “अन् आईनं मीठ जास्त टाकलं, म्हणून मी दह्यासोबत खाल्ली.”

एकही शब्द तुटला नाही. मग दोरी परत आली, हळूहळू, जबड्यापासून हनुवटीपाशी, तिथून छातीपुढे, अगदी त्यांच्या दोरीसारखी. चैतूभाऊंनी धनुष्याची दोरी उतरवली, ते कापडात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. “ने,” एवढंच म्हणाले. चाचणीला चला म्हणून आम्ही खूप आग्रह केला. ते आले नाहीत. “मले पाहवत नाई, सिस्टरबाई,” ते म्हणाले, आणि ते मला इतकं पटलं की मी पुन्हा विचारलं नाही.

चाचणी बल्लारपूरकडच्या एका मैदानावर होती. वारा होता, पण नव्या धनुष्यानं प्रज्ञाचे बाण सरळ जात होते. दुपारपर्यंत ती वरच्या मुलींमध्ये होती. मी माझ्या पदराच्या किनारीचे दोरे ओढून ओढून काढले होते. शेवटची फेरी, तिचा शेवटचा बाण. तिनं दोरी ओढली.

तेवढ्यात तिच्या निशाणामागून एक माणूस बाहेर आला. तिच्या आधीच्या बाणानंतर निशाणाचा कागद सुटला म्हणून खेळ थांबवून तो बांधायला हा गेला होता आणि तिथंच वाकून राहिला होता. तो बाजूला झाला असं समजून शिट्टी वाजली होती. कुणाची चूक, यावर नंतर बराच वाद झाला. तो कमरेवर हात ठेवून आरामात सरळ झाला, अगदी निशाणाला लागून. मी त्याला पाहिलं. ते धनुष्य किती जड आहे हे त्या मैदानावर फक्त मला माहीत होतं. सोमारीबाईंनी सांगितलेले चैतूभाऊंचे ते कापणारे हात मला दिसले.

प्रज्ञाचे हात कापले नाहीत. दोरी जबड्यापासून निघाली आणि तिच्या बोटांसोबतच परत आली. जागेवर आल्यावर तिनं धनुष्य खाली केलं आणि बाण जमिनीकडे वळवला. मग शिट्ट्या, आरडाओरडा, त्या माणसाला शिव्या, सगळं झालं. पंचांनी तिला तो बाण पुन्हा मारू दिला. पण आता तिची बोटं थरथरत होती. बाण बाहेरच्या कड्याला लागला. थोड्यासाठी तिची निवड हुकली.

परतीच्या बसमध्ये प्रज्ञा खिडकीशी बसली. तिनं कापडात गुंडाळलेलं धनुष्य मांडीवर आडवं धरलं होतं. सोडला असता बाण तर कदाचित तो माणूस वाचलाही असता, निशाणावरच लागला असता, असा विचार माझ्या मनात येऊन गेला आणि मला स्वतःचीच भीती वाटली. पोरीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती पुसतही नव्हती.

चैतूभाऊ त्यांच्या घरापुढे रस्त्यावरच उभे होते. सकाळपासून उभे असावेत. निवड झाली का हे त्यांनी विचारलं नाही. प्रज्ञाच्या चेहऱ्यावरून ते कळलंच असणार.

“भाऊ, माणूस आडवा आला,” ती म्हणाली.

त्यांचा चेहरा असा झाला की मी पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

“दोरी पुरी ओढली होती?” त्यांनी विचारलं.

“पुरी.”

“मंग?”

“परत आणली.”

त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला. दोरी धरणारी तिन्ही बोटं उलटून पालटून पाहिली, आम्ही जखम पाहतो तशी. बराच वेळ पाहिली. मग दाराकडे वळून त्यांनी हाक मारली. आवाज मोठा नव्हता, पण आत नक्की पोचेल असा होता.

“बाई, पोट्टीचा हात परत आला.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग पंजा जमिनीवर पडत पडत सोमारीबाई बाहेर आल्या. त्यांनी प्रज्ञाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले आणि कडाकडा बोटं मोडली. मग भावाकडे पाहिलं.

“आता तं बस, चैतू,” त्या म्हणाल्या.

आणि चैतूभाऊ ओट्यावर बसले.